श्रॉपशायर : भट्ट्या विझल्यानंतरचा मुलूख

इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सला खेटून श्रॉपशायर ही काउंटी आहे. तिला समुद्र नाही, मोठा विमानतळ नाही, जगभर नाव असलेलं शहरही नाही. सगळी मिळून वस्ती सुमारे पाच लाख. त्यातले बरेच जण टेलफर्ड आणि श्रूजबरी इथे राहतात. उरलेला मुलूख मेंढ्यांचा, गव्हा-बार्लीच्या शेतांचा, बांधावरच्या दाट झुडपांचा आणि टेकड्यांचा. महाराष्ट्रातून जाणारी मंडळी बहुधा लंडन, स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट आणि मग स्कॉटलंड अशी उत्तरेकडे सरकत जातात. त्यांची बस ज्या महामार्गावरून धावते, त्याच्या डाव्या हाताला, फारसं दूर नसलेलं श्रॉपशायर तसंच राहून जातं. हे पुस्तक त्या डाव्या वळणासाठी लिहिलं आहे.

शांत, हिरवं, देखणं एवढंच सांगायचं असतं तर पुस्तकाची गरज नव्हती. इंग्लंडमध्ये देखण्या खेड्यांना तोटा नाही. मला सांगायचं आहे ते निराळं. श्रॉपशायरचं खेडेपण सगळंच मूळचं नाही. इथे रोमन शहर होतं, ते गेलं. सरहद्दीचा कारभार चालवणारा दरबार होता, तो उठला. ज्या भट्ट्यांमधून आधुनिक लोखंडाचं युग सुरू झालं त्या इथे पेटल्या, धगधगल्या आणि थंड झाल्या. जे उरलं त्यावर गवत आलं, झाडं आली, मेंढ्या चरू लागल्या. म्हणून या काउंटीत हिंडताना ‘किती छान निसर्ग’ म्हणून पुढे जाता येत नाही. ही टेकडी अशी उघडी का, ही दरी एवढी दाट का, शेताच्या मधोमध ही एकच भिंत का, असं विचारत जावं लागतं. उत्तरं जमिनीतच मिळतात.

भिंतीपासूनच सुरुवात करू. श्रूजबरीच्या आग्नेयेला आठ-नऊ किलोमीटरवर रॉक्सेटर नावाचं खेडं आहे: एक चर्च, थोडी घरं, भोवती शेतं. या शेतांखाली विरोकोनियम हे रोमन ब्रिटनमधलं एक मोठं शहर आहे. पहिल्या शतकात रोमन सैन्याची छावणी म्हणून ते वसलं, सैन्य पुढे सरकल्यावर नागरी वस्ती वाढली, स्नानगृहं उभी राहिली, बाजार भरू लागला. आज जमिनीवर उभा आहे तो स्नानगृहाच्या इमारतीच्या भिंतीचा सातेक मीटर उंच तुकडा. दगडांच्या थरांमधून विटांच्या तांबड्या पट्ट्या गेलेल्या दिसतात. मधोमध मोठं खिंडार आहे, तिथे एके काळी दार होतं. बाकीचं शहर कुठे गेलं हे पाहायला गावातल्या चर्चमध्ये जावं. फाटकाचे दोन खांब रोमन आहेत. आतलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड म्हणजे एका रोमन स्तंभाचा पाया, उलटा करून पोखरलेला. शहर संपलं तसे त्याचे दगड शेजारपाजारच्या गरजांना लागले. लोकांनी भावनेचा बाऊ केला नाही आणि नासाडीही केली नाही. इंग्लंडमधली फार थोडी रोमन शहरं अशी मोकळी राहिली. बहुतेकांवर पुढची शहरं चढली. विरोकोनियमवर नांगर चालला, म्हणूनच त्याचा नकाशा मातीखाली शाबूत आहे.

आता सेव्हर्न नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरू. थोड्याच अंतरावर नदी एका अरुंद घळीत शिरते. ही आयर्नब्रिजची घळ, आणि या पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण तिच्यावर आहे. प्रवासी इथे येतात, पुलाचा फोटो काढतात, चहा पितात आणि दोन तासांत निघतात. माझी कळकळीची विनंती आहे की दोन दिवस ठेवा.

लोखंड गाळायला पूर्वी लोणारी कोळसा लागे. त्यासाठी लाकूड हवं, म्हणजे रान हवं, आणि रान तोडलं की पुन्हा वाढायला वर्षं जातात. जमिनीखाली दगडी कोळसा मुबलक होता, पण त्यातल्या गंधकामुळे लोखंड बिघडायचं. १७०९ मध्ये अब्राहम डार्बी या क्वेकर पंथाच्या कारखानदाराने कोलब्रुकडेलच्या भट्टीत दगडी कोळसा आधी भाजून, त्याचा कोक करून, त्यावर लोखंड गाळलं. इथला कोळसा मुळातच कमी गंधकाचा होता, हे त्याचं भाग्य. भाग्य पुरेसं नव्हतं, हेही खरं. त्याआधी दोन वर्षं त्याने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. स्वस्त, हलकी, सामान्य घरात परवडतील अशी स्वयंपाकाची भांडी करणं हा त्याचा धंदा होता. जगाची उलथापालथ करणाऱ्या या शोधामागे चुलीवर चढणारं भांडं आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

एकाच दरीत कोळसा, लोहखनिज, चुनखडी आणि माल थेट ब्रिस्टलपर्यंत नेणारी नदी असं सगळं एकत्र आलं होतं. दोन पिढ्यांनंतर त्याचा नातू, तिसरा अब्राहम डार्बी, याने त्याच नदीवर बिडाचा पूल टाकला. आराखडा श्रूजबरीच्या टॉमस फार्नल्स प्रिचर्डचा. तो १७७७ मध्येच वारला, त्याला पूल पाहायला मिळाला नाही. १७७९ मध्ये कमान उभी राहिली, १७८१ च्या पहिल्या दिवशी वाहतूक सुरू झाली. कमानीचा पल्ला तीस मीटरच्या थोडा वर, लोखंड सुमारे ३७८ टन. आकडे मोठे नाहीत. बघण्यासारखी गोष्ट काठावरून, पुलाच्या खाली उभं राहिल्यावर दिसते. लोखंडाचा एवढा मोठा पूल आधी कुणी बांधलेला नव्हता, त्यामुळे लोखंड कसं जोडायचं याची रीत नव्हती. त्यांनी सुतारकामाची रीत वापरली. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं टोक. कुठे डोव्हटेल सांधा, कुठे सैल राहिलेल्या जागी ठोकलेली पाचर. लाकडाच्या कामाची सगळी अक्कल लोखंडात उतरलेली आहे. एका काळातून दुसऱ्या काळात जाताना माणसाचे हात जुन्याच सवयीने चालतात, आणि इथे ते डोळ्यांसमोर दिसतं.

पुलाच्या टोकाला टोलनाका आहे, त्यावर दरांचा फलक आहे. कुठल्या गाडीला किती, जनावरामागे किती, पायी माणसाला किती, हे सगळं त्यावर लिहिलं आहे. शिवाय कामावरच्या सैनिकालाही आणि राजघराण्यालाही माफी नाही असं बजावलं आहे. १७९५ च्या महापुरात सेव्हर्नवरचे अनेक पूल मोडले किंवा खचले. हा राहिला, आणि बिडाच्या पुलांची जाहिरात त्या पुराने केली.

त्या वेळची दरी कशी दिसत असेल याची कल्पना आजच्या झाडीवरून येणार नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये फिलिप जेम्स द लूथरबर्गचं १८०१ मधलं ‘कोलब्रुकडेल बाय नाइट’ हे चित्र आहे. जमल्यास ते आधी पाहून मग इकडे यावं. रात्रीचं आकाश भट्टीच्या उजेडाने पेटलेलं आहे आणि समोरून घोडे गाडी ओढत निघाले आहेत. चित्रातल्या त्या भट्ट्यांचे अवशेष नदीकाठच्या रस्त्यालगत अजून उभे आहेत. विटांच्या काळवंडलेल्या कमानी आहेत, त्यांच्या मागे लगेच हिरवं रान. हे रान त्या धुराइतकं जुनं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धंदा दुसरीकडे सरकला: मोठ्या खाणी, मोठे कारखाने, रेल्वेचं जाळं इतरत्र उभं राहिलं. मळीच्या ढिगाऱ्यांवर झाडं उगवली. जमीन मात्र अजून निवलेली नाही. १९५२ मध्ये जॅकफिल्ड या वस्तीखालची उतरण सरकली आणि घरंच्या घरं गेली. नदीने मुळात कोवळ्या खडकात कोरलेली, वर माणसांनी आतून पोखरलेली ही दरी आहे. युनेस्कोने १९८६ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवलं. वारसा म्हणताना लोक पुलाकडे बोट दाखवतात. मला त्यात ती घसरणारी जमीनही मोजावीशी वाटते.

श्रूजबरीच्या उत्तर टोकाला डिदरिंग्टनची अंबाडीसारख्या धाग्याची, म्हणजे फ्लॅक्सची गिरणी आहे, १७९७ मधली. लाकडी गिरण्या आगीत खाक व्हायच्या, म्हणून चार्ल्स बेजने खांब आणि तुळया बिडाच्या केल्या. संपूर्ण लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातली पहिली इमारत. गगनचुंबी इमारतींची वंशावळ इथवर येऊन थांबते. मुंबईत काळा घोड्याजवळ जी वॉटसन हॉटेलची थकलेली इमारत आहे, ती याच घराण्यातली: तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन एकोणिसाव्या शतकात जहाजाने आला. श्रूजबरीची गिरणी पुढे बार्ली मोडवण्याच्या कामी आली, १९८७ पासून ओस पडली, आणि बरीच डागडुजी होऊन २०२२ मध्ये लोकांसाठी उघडली. तिच्यासारखंच भाग्य मुंबईतल्या त्या इमारतीला लाभावं, असं फार वाटतं.

सरहद्द हा या काउंटीचा दुसरा धागा. आठव्या शतकात मर्शियाचा राजा ऑफा याने वेल्सच्या बाजूला मातीचा लांबच लांब बांध घातला, पश्चिमेकडे खंदक. क्लनच्या डोंगराळ भागात तो चांगला टिकला आहे, त्याच्याकडेने १९७१ पासून लांब पल्ल्याची पायवाट आहे. नॉर्मन आले तेव्हा त्यांनी या पट्ट्यात किल्ल्यांची माळच ओवली. इथे आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कातळकडा, बुरूज, टाकं येतं. श्रॉपशायरमधल्या सर्वांत जुन्या किल्ल्यांवर दगड जवळपास नाही. ओल्ड ऑस्वेस्ट्रीचा लोहयुगातला किल्ला म्हणजे एकामागे एक मातीचे तट आणि खंदक, आता सगळे गवताने मढलेले. वरून पाहिलं तर काहीच नाही असं वाटेल. पश्चिमेच्या प्रवेशाने चालत चढावं, म्हणजे एकेक तट कसा आडवा येतो, वाट कशी दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडते, ते पायांना कळतं.

दगडी किल्ला पाहायचा तर लडलो. मॉर्टिमर घराण्याचं ठाणं, पुढे राजाचं. चौथ्या एडवर्डचा थोरला मुलगा इथे वाढला. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर १५०२ मध्ये इथेच वारला. तो जगता तर आठवा हेन्री गादीवर आला नसता, आणि इंग्लंडच्या धर्माचा इतिहास वेगळा झाला असता. वेल्स आणि सरहद्दीच्या कारभाराचं मंडळ इथे बसायचं. १६८९ मध्ये ते बरखास्त झालं आणि किल्ल्याचं छप्पर उतरलं. गाव मात्र राहिलं. दरबारात कामं घेऊन येणाऱ्यांची, वकिलांची, सराफांची घरं आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. लडलो बघायला येणारे त्या घरांचं कौतुक करतात. त्या घरांना पैसा कशाचा होता, हे किल्ल्याच्या बिनछपराच्या दालनात उभं राहिलं की समजतं.

स्टोकसेचा किल्ला त्याहून लहान आणि मला अधिक प्रिय. तो सरदाराचा नव्हे, व्यापाऱ्याचा. लॉरेन्स ऑफ लडलो हा लोकरीचा मोठा व्यापारी. १२९१ मध्ये त्याने राजाकडून तटबंदीची परवानगी मिळवली. तटबंदी बरीचशी मिरवण्यापुरती: दिवाणखान्याच्या खिडक्या एवढ्या मोठ्या आहेत की लढाईत त्यांचा काही उपयोग नव्हता. १२९४ मध्ये लोकर घेऊन निघालेलं त्याचं जहाज बुडालं आणि त्यात तो गेला. तेव्हापासून या वास्तूत फारसं काही बदललेलं नाही. श्रॉपशायरच्या टेकड्यांवर आज चरणाऱ्या मेंढ्या बघताना लॉरेन्सचा दिवाणखाना आठवावा. मेंढी इथे देखाव्याचा भाग नाही, ती या मुलखाची जुनी पेढी आहे.

आणि क्लाइव्ह. त्याला टाळून मराठीत श्रॉपशायरवर लिहिता येणार नाही. रॉबर्ट क्लाइव्ह १७२५ मध्ये मार्केट ड्रेटनजवळ जन्मला. आपण त्याला प्लासीवरून ओळखतो, पण कोकणाने त्याला त्याआधी पाहिलं आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आलं, जमिनीवरच्या सैन्याचा प्रमुख क्लाइव्ह होता. तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळाली, किल्ला पडला, लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशवे त्यांच्या बाजूने होते. आपल्याच किनाऱ्याचं आरमार आपण परक्याच्या हातून बुडवलं, याचं शल्य अडीच शतकांनंतरही बोथट होत नाही, आणि होऊही नये.

पुढच्याच वर्षी प्लासी झाली, बंगालचा पैसा आला, आणि तो श्रॉपशायरच्या जमिनीत उतरला. १७६३ मध्ये क्लाइव्हने लिडबरी नॉर्थजवळची वॉलकटची जहागीर घेतली. बिशप्स कॅसल हे शेजारचं चिमुकलं गाव तेव्हा पार्लमेंटमध्ये दोन सभासद पाठवायचं. ते दोन्ही पुढे क्लाइव्ह घराण्याच्या मुठीत राहिले. तो स्वतः १७६१ पासून मरेपर्यंत श्रूजबरीचा सभासद होता. त्या भागातली तलावाकाठची हिरवळ, शिस्तीत लावलेली झाडं, टेकडीचा मोकळा उतार पाहताना मला मुर्शिदाबादचा खजिना दिसतो. हा हट्ट नाही, हिशोब आहे. इंग्लंडची खेडी इंग्लंडच्या बाहेरून आलेल्या पैशाने किती घडली, याचा याहून उघडा दाखला मला माहीत नाही.

श्रूजबरीच्या चौकात त्याचा पुतळा आहे, १८६० मध्ये उभारलेला. २०२० मध्ये तो हटवा अशी मागणी जोरात झाली. पुतळा जागेवर राहिला. मॉर्टन से या गावच्या चर्चमध्ये मात्र त्याची कबर नेमकी कुठे आहे, याची खूण नाही. भिंतीवर एक लहान पितळी पाटी आहे, तेवढीच. दोन्ही ठिकाणी जावं. वेल्सच्या हद्दीत असलेला पोविस किल्लाही मी या पुस्तकात घेतला आहे, कारण क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या घराण्यात झालं आणि हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. टिपू सुलतानाचा तंबूही त्यात आहे.

बाकीच्या थोरामोठ्यांवर मी आटोपशीर लिहिलं आहे. डार्विन १८०९ मध्ये श्रूजबरीत जन्मला, तिथल्या शाळेत शिकला; त्याच्यावर वाचायला भरपूर मिळतं. मच वेनलॉकच्या विल्यम पेनी ब्रूक्स या डॉक्टरवर मात्र दोन पानं जास्त खर्च केली आहेत. गावकऱ्यांनी खेळावं, तब्येत राखावी म्हणून त्याने १८५० मध्ये गावात स्पर्धा सुरू केल्या. १८९० मध्ये आधुनिक ऑलिम्पिकचा प्रवर्तक कुबर्तँ त्या पाहायला आला आणि भारावून परतला. अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिम्पिकला चार महिने असताना ब्रूक्स वारला. त्याच्या गावच्या स्पर्धा अजून भरतात.

हिंडायचं कसं, याबद्दल थोडं. श्रूजबरीहून दक्षिणेला जाणारी रेल्वे चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स आणि लडलोला थांबते. गाडी नसली तरी या तीन ठाण्यांवरून बरंच काही पायी होतं. ऑर्डनन्स सर्व्हेचा २१७ क्रमांकाचा नकाशा घ्यावा. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांच्या हक्काच्या वाटा. शेत खासगी असलं तरी त्यातून जाणारी वाट सर्वांची, आणि १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. उभ्या पिकातून अशी वाट जाते तेव्हा शेतकऱ्याने ती मोकळी ठेवायची असते. कुंपण आलं की लाकडी पायऱ्यांची चढण असते: एक पाय फळीवर, हात खांबावर, पलीकडे उडी. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद असलं तर आपल्यामागे बंद करायचं. एप्रिलात कोकरं असतात, कुत्रा बरोबर असेल तर दोरी सोडायची नाही. लाँग मिंडच्या पठारावर ऑगस्टमध्ये हेदर जांभळा फुलतो, त्याआधी रानातली निळी-काळी व्हिनबेरी पिकते. पूर्वी गोरगरिबांची पोरं ती वेचून विकायची. स्टिपरस्टोन्सच्या धारेवर पाऊस आणि धुकं दहा मिनिटांत येतं. तिथल्या गारगोटीच्या पांढुरक्या सुळक्यांमधून पायवाट दगडधोंड्यांची आहे, घोट्यापर्यंत येणारे बूट हवेत.

प्रकरणांचा क्रम काळाचा आहे, म्हणून पहिलं प्रकरण खडकांचं आलं. ज्यांना भूगर्भशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी ते सोडून सरळ रॉक्सेटरला जावं. पण वेनलॉक एजची ती लांब, रानाने झाकलेली धार चढण्याआधी मागे येऊन ते वाचावं. सुमारे साडेबेचाळीस कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उथळ उबदार समुद्राखाली होती, आणि ही धार म्हणजे त्या समुद्रातली प्रवाळांची बेटं. धारेवरच्या जुन्या खाणींत दगडाचा तुटका तुकडा उचलून पाहिला तर प्रवाळाची जाळी नुसत्या डोळ्यांना दिसते. डार्बींच्या भट्ट्यांत खनिजातली घाण वेगळी करायला जी चुनखडी लागायची, ती याच धारेवरून खाली दरीत जायची.